वानरराजाच्या मस्तकावरील कडे

रात्रीची जेवणे आटोपून अंथरुणे पडली की मुलांचा गोष्टीसाठी तगादा सुरू होतो, हा अनुभव घरोघरचा आहे. आमच्या घरी रामायण झाले, पंचतंत्र झाले, अकबर-बिरबल तर दोनदा झाले. आता नवे काय, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा आम्ही चीन देशातील वानरराजाची कथा काढली. चार रात्री मोठ्या रंगात गेल्या. पाचव्या रात्री वानरराज डोंगराखाली गाडला गेला आणि आम्ही नेहमीप्रमाणे ‘पुढचे उद्या’ म्हणून दिवा मालवू लागलो. इतक्यात धाकटा नातू अंथरुणात उठून बसला आणि म्हणाला, “आजोबा, म्हणजे तो हरला?”

‘झोप आता’ एवढेच त्या वेळी आम्हांला म्हणता आले. परंतु दिवा मालवल्यावरही तो प्रश्न मनातून जाईना. वाचकहो, गंमत अशी की ह्याच प्रश्नाचे उत्तर खुद्द चीन देशाने दोन प्रकारे दिलेले आहे. एक उत्तर चारशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आहे, दुसरे विसाव्या शतकातील एका चित्रपटात. दोन्ही उत्तरे मुलांच्या कामाची आहेत आणि मुले वाढविणाऱ्यांच्या तर त्याहूनही अधिक कामाची आहेत, असे आम्हांला वाटते.

दगडातून जन्मलेले पोर

ह्या ग्रंथाचे नाव ‘पश्चिमेची यात्रा’. त्याचे शंभर अध्याय असून आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी पूर्ण प्रत १५९२ साली नानकिंग येथे छापली गेली. सोळाव्या शतकातील वू चेंगन ह्या लेखकाच्या नावावर तो परंपरेने सांगितला जातो. त्यातील पहिले सात अध्याय म्हणजे एका खोडकर जिवाचे बालपणच होय.

पुष्पफल नावाच्या पर्वतावर एक शिळा होती. युगानुयुगे सूर्यचंद्राचे तेज पिऊन तिच्या पोटी दगडाचे अंडे जन्मले आणि त्यातून एक वानर बाहेर पडले. त्याला आई नाही, बाप नाही. धबधब्याच्या पडद्यामागे काय आहे ते पाहण्यास इतर माकडे कचरत असता ह्याने बेलाशक उडी घेतली, पलीकडची गुहा शोधून काढली आणि त्या बळावर तो राजा झाला. पुढे एक दिवस त्याला मृत्यूची भीती वाटली. अमर होण्याची विद्या शिकावी म्हणून तो गुरूच्या शोधात निघाला. त्याला भेटलेल्या गुरूचे नाव ‘सुबोधी’ अशा भारतीय वळणाचे आहे. गुरूने शिष्याचे नाव ठेवले वूकोंग, म्हणजे ज्याला शून्याचे ज्ञान झाले आहे असा. नाव मोठे वैराग्याचे, पण शिष्याचा ओढा बहात्तर रूपे घेण्याकडे आणि ढगावर कोलांटी मारण्याकडे. त्याची एक कोलांटी १,०८,००० ली, म्हणजे चिनी कोसांच्या हिशेबाने जवळजवळ पृथ्वी ओलांडणारी.

विद्या आली तशी मस्तीही आली. पूर्वसमुद्राच्या नागराजाकडून त्याने १३,५०० जिन वजनाचा लोहदंड उचलून आणला. तो हवा तेवढा लहान होऊन त्याच्या कानात सुईसारखा मावत असे. स्वर्गाच्या सम्राटाने ही ब्याद जवळ ठेवलेली बरी म्हणून त्याला नोकरी दिली. हुद्द्याचे नाव भारदस्त, काम मात्र तबेल्यातील घोडे सांभाळण्याचे. हे कळताच स्वारी भडकली. ‘स्वर्गासमान महात्मा’ असा किताब त्याने आपणच आपल्याला घेतला. मग त्याला अमृतफळांच्या बागेवर नेमले. त्या बागेत पीचची ३,६०० झाडे. काहींची फळे तीन हजार वर्षांनी पिकतात, काहींची सहा हजार, तर काहींची नऊ हजार वर्षांनी. माकडाला फळबागेचा राखणदार नेमल्यावर जे व्हायचे तेच झाले. स्वर्गातील मेजवानीला आपल्याला बोलावणे नाही हे कळताच त्याने मेजवानी उधळली. पकडून त्याला एकोणपन्नास दिवस भट्टीत घातले, तर तो न जळता लालभडक डोळे घेऊन बाहेर आला आणि स्वर्गाचा राजवाडा त्याने डोक्यावर घेतला.

शेवटी बुद्धाला पाचारण झाले. बुद्धाने साधी पैज लावली: माझ्या तळहातावरून उडी मारून बाहेर जाऊन दाखव. वानरराज उडाला, आकाशाच्या टोकाशी पोहोचला. तेथे पाच खांब दिसले. आपण येऊन गेल्याची खूण म्हणून त्याने मधल्या खांबावर नाव लिहिले, वर एका खांबाच्या पायथ्याशी लघुशंकाही केली! परत येऊन पाहतो तो ते खांब म्हणजे बुद्धाचीच बोटे. त्याच पाच बोटांचा पंचतत्त्वांचा पर्वत झाला आणि वानरराज त्याखाली सापडला. पर्वताच्या माथ्यावर सोनेरी अक्षरांची एक चिठ्ठी लावली गेली. तीवर काय लिहिले होते? ‘ॐ मणि पद्मे हूँ’! आपल्या संस्कृतातील ही सहा अक्षरे एका चिनी माकडाच्या डोंगरावर मोहोर होऊन बसलेली पाहताना आम्हांला मोठी मौज वाटली. पाचशे वर्षे भूक लागली की लोखंडाच्या गोळ्या आणि तहान लागली की वितळलेले तांबे, अशी त्याच्या खाण्यापिण्याची व्यवस्था झाली.

आमच्या नातवाने प्रश्न विचारला तो ह्या ठिकाणी.

डोंगर वगळणारा चित्रपट

‘नाही, तो हरला नाही’ असे उत्तर देणाऱ्याचे नाव वान लायमिंग. हे वान म्हणजे नानकिंगचे चार भाऊ. त्यांपैकी लायमिंग आणि गुचान हे जुळे, जन्म १९०० सालचा. ज्याला आपण कार्टूनपट म्हणतो तो प्रकार चीनमध्ये रुजविण्याचे श्रेय ह्या भावांकडे जाते. अमेरिकन कार्टूने पाहून त्यांनी ही विद्या घरच्या घरी, चुकत-माकत हस्तगत केली. डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ शांघायला आला तेव्हा आपल्याही देशाची एखादी मोठी कथा अशी पडद्यावर यावी, ही ईर्षा त्यांच्या मनात जागी झाली. शांघायभोवती जपानी फौजांचा वेढा असताना, परकीय वसाहतींच्या आश्रयाने त्यांनी १९४१ साली ‘लोहपंख्याची राजकन्या’ हा आशियातील पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट पुरा केला. विषय ‘पश्चिमेच्या यात्रे’तलाच, ज्वालापर्वताचा. मूळ कथेत वृषभासुराचा पाडाव देवांच्या साहाय्याने होतो. चित्रपटात गावकरीही एकजुटीने त्या लढाईत उतरतात. त्या काळच्या प्रेक्षकांना हा असुर कोण हे सांगावे लागले नाही. पुढे हाच चित्रपट युद्धकालीन जपानात दाखविला गेला आणि तो पाहणाऱ्या मुलांत ओसामू तेझुका हा मुलगा होता. जपानी चित्रकथांचा तो पुढे अध्वर्यू झाला. कलेला शत्रुमित्र नसतो तो असा.

वान लायमिंग ह्यांच्या मनात तेव्हापासूनच स्वर्गातील धुमाकुळाची कथा होती. परंतु युद्ध, पैशांची चणचण आणि मग देशातील उलथापालथ ह्यांत वीस वर्षे निघून गेली. दरम्यान शांघायमध्ये सरकारी कार्टूनपट कार्यशाळा उभी राहिली होती. तिचे प्रमुख ते वेई ह्यांच्या बाबतीत एक गोष्ट सांगितली जाते. कावळा काळा का झाला, ह्यावरचा त्यांचा रंगीत चित्रपट १९५६ साली व्हेनिसला गेला, त्याचे कौतुकही झाले. पण परीक्षकांना तो रशियन वाटला. हे कौतुक काळजाला झोंबणारेच होते. परक्याची रेघ कितीही सफाईने गिरविली तरी ती परक्याचीच राहते, हे त्या मंडळींनी जाणले आणि ती आपल्याच जुन्या चित्रांकडे वळली. वृद्ध चित्रकार ची बायशी शाईच्या चार ओल्या फटकाऱ्यांनी बेडकाची पिल्ले कागदावर पोहती करीत असत. १९६० साली त्यांच्या शैलीतील पिल्ले खरोखरच पडद्यावर पोहू लागली आणि आपली आई शोधू लागली. त्यांना बाह्यरेषा नव्हती. शाई जशी कागदात झिरपते तशी ती पडद्यावर झिरपत होती.

ह्याच वातावरणात वान लायमिंग ह्यांना त्यांचा वानरराज अखेर सापडला. चित्रकार झांग ग्वांगयू ह्यांनी पात्रे व पार्श्वभूमी ह्यांची आखणी केली. देवळांतील मूर्ती आणि भित्तिचित्रे, नववर्षाला खेडोपाडी दारावर चिकटविली जाणारी छापील देवचित्रे, पेकिंगच्या संगीत नाटकातील रंगविलेले मुखवटे, हे सारे त्यांनी मनात मुरविले होते. त्यांच्या हातून उतरलेला वानरराज पिवळा अंगरखा, लाल विजार आणि कमरेला व्याघ्रचर्म अशा वेषात नाटकाच्या ढोल-झांजांच्या ठेक्यावर पावले टाकतो. ढग पाहावे तर जुन्या कोरीवकामातील वेलबुट्टीसारखे वळसे घेणारे. सहा हातांचा बालवीर नेझा अग्निचक्रांवर उभा राहून त्याच्याशी लढतो.

ह्या नेझाविषयी येथे दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. कुबेराचा पुत्र नलकूबर आपल्या ओळखीचा आहे. उखळाला बांधलेल्या बाळकृष्णाने अर्जुनवृक्षांची जोडी उन्मळली, तेव्हा शापमुक्त झालेल्या दोघा भावांपैकी तो एक. हा नलकूबर बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेला आणि त्याच्या नावाचा अपभ्रंश होत होत नेझा झाला, असे अभ्यासकांचे मत आहे. २०२५ साली प्रदर्शित झालेला नेझाचा दुसरा चित्रपट जगातील सर्वाधिक उत्पन्नाचा कार्टूनपट ठरला. कुबेराचा मुलगा अखेर बापाच्या वळणावर गेला म्हणायचा!

‘स्वर्गातील धुमाकूळ’ ह्या चित्रपटाचा पहिला भाग १९६१ साली पडद्यावर आला. दुसरा भाग वान लायमिंग आणि तांग चेंग ह्या दिग्दर्शिका ह्यांनी मिळून १९६४ साली पुरा केला. त्याच्या शेवटी बुद्धाचा तळहात नाही आणि डोंगरही नाही. वानरराज स्वर्गाचा राजवाडा मोडतो, सम्राट पळ काढतो आणि विजयी वीर आपल्या पुष्पफल पर्वतावर, आपल्या माकडांत परत येतो.

परंतु पडद्यावरून काढून टाकलेला तो डोंगर पडदा तयार करणाऱ्यांच्याच वाट्याला यावा, हा दैवाचा खेळ पाहा. दुसरा भाग तयार झाला आणि सर्वत्र दाखविला जाण्याआधीच वारे फिरले. १९६६ साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. जुन्या देवदेवतांच्या कथा आणि त्या रंगविणारे, दोन्ही संशयास्पद ठरले. स्वर्गाच्या सिंहासनावर बसलेला तो सम्राट नेमका कोण, अशी शंका घेण्यासही तो काळ अनुकूल होता. संपूर्ण चित्रपट लोकांपुढे यायला १९७८ साल उजाडले. त्याच वर्षी तो लंडनच्या चित्रपट महोत्सवातही दाखविला गेला आणि नावाजला गेला. चित्र पुरे केले तेव्हा वान लायमिंग चौसष्ट वर्षांचे होते, ते सर्वांसमोर आले तेव्हा अठ्ठ्याहत्तरांचे. झांग ग्वांगयू तर १९६५ सालीच वारले होते. स्वतःची कथा स्वतःच्या रेषेत मुलांना सांगावी, एवढ्या साध्या इच्छेसाठी एका माणसाचे जवळजवळ चाळीस वर्षांचे आयुष्य खर्ची पडले.

एकट्या यात्रिकाला मिळालेले सोबती

चित्रपट जेथे थांबतो तेथे ग्रंथ मात्र थांबत नाही. किंबहुना त्र्याण्णव अध्याय अजून शिल्लक असतात. पाचशे वर्षांनी एक भिक्षू त्या वाटेने येतो, डोंगरावरची चिठ्ठी काढतो आणि वानरराजाला मोकळा करतो. हा भिक्षू पश्चिमेकडे धर्मग्रंथ आणण्यास निघालेला आहे. आणि ती पश्चिम म्हणजे आपला भारत.

हा भिक्षू काल्पनिक नाही. आपण शाळेत वाचलेला ह्युएनत्संग तो हाच. इसवी सन ६२९ च्या सुमारास राजाज्ञा मोडून तो एकटाच चीनबाहेर पडला. वाळवंटात त्याच्या हातून पाण्याची पखाल निसटली आणि चार रात्री व पाच दिवस घसा ओला करायला त्याच्याजवळ थेंब नव्हता, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. सोबतीला एक म्हातारा, हडकुळा घोडा तेवढा होता, आणि पाण्याचा ठिकाणा शेवटी त्यानेच शोधला. पुढे ह्युएनत्संग नालंदेला राहिला, हर्षाच्या दरबारी मानाने मिरवला आणि ६४५ साली वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून मायदेशी परतला. उरलेली एकोणीस वर्षे त्याने त्यांच्या भाषांतरात घालविली.

६४१ च्या सुमारास तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. पुलकेशीच्या प्रजेविषयी त्याने लिहून ठेवले आहे की हे लोक साधे आणि मानी आहेत. उपकार विसरत नाहीत, अपमान सोसत नाहीत, आणि सूड घ्यायचा झाला तरी आधी बजावून मग शस्त्र उचलतात. दरीतील एका विहाराचे आणि त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचे वर्णनही त्याने केले आहे; तो विहार म्हणजे अजिंठा, असे अभ्यासक मानतात.

आता ही ऐतिहासिक यात्रा माकडाची गोष्ट कशी झाली? पुस्तकाच्या कितीतरी आधी ती चित्रांत आणि शिल्पांत झाली. पश्चिम चीनमधील युलिन लेण्यांच्या भिंतींवर यात्रिकाच्या मागे घोडा धरून उभा असलेला वानर रंगविलेला आहे. त्सुएनचौ बंदरातील मंदिराच्या तेराव्या शतकातील मनोऱ्यावर खड्गधारी वानर कोरलेला आहे. म्हणजे छापील ग्रंथापूर्वी तीनशे वर्षे हे माकड त्या भिक्षूला येऊन मिळाले होते. तो आपला हनुमानच, असे १९२३ साली हू शी ह्या विद्वानाने सुचविले. लू शून ह्या थोर लेखकाचे मत मात्र असे की तो चीनच्याच एका जुन्या जलदैत्याच्या वंशातला. वाद अजून मिटलेला नाही. आमच्यापुरते म्हणाल तर, पिढ्यानपिढ्या परमुलखात राहून तिथलेच झालेल्या माणसाला ‘मूळचे कुठले’ असे विचारले म्हणजे जसे उत्तर येते, तसेच ह्या माकडाचेही असणार. मूळ कोठलेही असो, त्याचा अंगरखा, त्याची भाषा आणि त्याचा हट्ट हे पुरते चिनी आहेत.

आम्हांला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. खरा ह्युएनत्संग वाळवंटात एकटा होता. लोकांना ते बघवले नाही. म्हणून हजार वर्षे सांगता सांगता त्यांनी त्याला एक माकड दिले, एक खादाड डुक्कर दिले, एक अबोल जलराक्षस दिला आणि त्या हडकुळ्या घोड्याच्या जागी नागराजाचा पुत्र पांढरा घोडा होऊन आला. एकट्या माणसाच्या दुःखावर गोष्ट हे असे औषध करते.

कडे

डोंगरातून सुटलेला वूकोंग पहिल्याच मुक्कामी सहा लुटारूंना ठार करतो. भिक्षू त्याला फार बोलतो. बोलणे न सोसून तो रागारागाने निघून जातो आणि नागराजाच्या महाली चहा घेत बसतो. तेथे भिंतीवर एक चित्र टांगलेले असते. पुलावर बसलेला एक म्हातारा मुद्दाम आपला जोडा खाली पाडतो आणि एक तरुण तो उचलून त्याच्या पायात घालतो. असे तीनदा होते. त्या धीराबद्दल म्हातारा त्याला दिव्य ग्रंथ देतो. चित्राचा अर्थ नागराज सांगतो. वूकोंग बराच वेळ बोलत नाही. मग उठतो आणि आपण होऊन गुरूकडे परत निघतो. स्वर्गाच्या फौजांना जे जमले नाही ते एका चित्राने केले.

परंतु इकडे गुरूजवळ एक टोपी येऊन पडलेली असते. ग्वानयिन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर चीनमध्ये देवीरूपाने पुजला जातो ती, तिने ती दिलेली. टोपीत सोन्याचे कडे आहे. भिक्षू गोड बोलून ती वूकोंगला घालायला लावतो, मंत्र म्हणतो, आणि कडे आवळून वूकोंगच्या कपाळाची शीर फुटायची वेळ येते. पोर स्वतःहून शहाणे होऊन परत आले होते, आणि नेमके त्याच दिवशी त्याच्या डोक्यात कडे अडकविले गेले. किती आईबापांच्या हातून हे घडले असेल!

पुढे तर मोठाच अन्याय होतो. अस्थिराक्षसी तरुण मुलगी, म्हातारी आणि म्हातारा अशी तीन रूपे घेऊन भिक्षूला गिळायला येते. वूकोंगच्या त्या भाजून निघालेल्या डोळ्यांना ती तिन्ही वेळा ओळखू येते आणि तिन्ही वेळा तो दंड उगारतो. गुरूला दिसतात तीन निरपराध माणसांचे खून. तो मंत्र म्हणत राहतो आणि अखेर शिष्याला हाकलून देतो. जाताना शिष्य नमस्कार करू लागतो, तर गुरू पाठ फिरवितो. कथा वडीलधाऱ्यांच्या बाजूची आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा. गुरू राक्षसाच्या तावडीत सापडतो तेव्हा शेवटी त्याच शिष्याला बोलावणे जाते. आणि तो येतो.

आणखी एक नोंद करण्याजोगी गोष्ट. चीनपासून बुद्धाच्या पर्वतापर्यंतचे अंतर ग्रंथात किती सांगितले आहे? १,०८,००० ली. म्हणजे वूकोंगची एक कोलांटी! डुक्कर त्याला विचारतेच, की गुरुजींना पाठीवर घेऊन एका उडीत का नेत नाहीस? उत्तर असे की ही वाट पायांनीच चालली पाहिजे. तिच्यावरची दुःखे दुसऱ्याने भोगून चालत नाही. क्षणात पोहोचू शकणारा तो खोडकर जीव चौदा वर्षे एका भित्र्या, पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीने चालतो. त्याची खरी शिस्त ही. कड्याने जे झाले नसते ते ह्या चालण्याने झाले.

एक्क्याऐंशी संकटे पार पडतात. ग्रंथ मिळतात, त्यांतही एका ग्रंथाची पाने नदीत भिजून खडकावर वाळत घालताना फाटतात. भिक्षू हळहळतो, तेव्हा हे माकडच त्याला समजावते की आकाश आणि पृथ्वीही पूर्ण नाहीत, मग ग्रंथ तरी पूर्ण का असावा? सरतेशेवटी सर्वांना पदव्या मिळतात. वूकोंग विजयी बुद्ध होतो. तेव्हा तो गुरूला म्हणतो, आता तरी हे कडे काढा आणि फोडून टाका, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्याचा जाच नको. गुरू म्हणतो, तू अनावर होतास म्हणून ते होते. डोक्याला हात लावून बघ. वूकोंग हात लावतो. कडे तेथे नसते. कोणी काढलेले नसते. केव्हा गेले ते त्यालाही कळलेले नसते.

उत्तर

दुसऱ्या रात्री आम्ही नातवाला एवढेच सांगितले, की तो हरला नाही, अजून त्याची अर्धी गोष्ट व्हायची आहे. पुढची गोष्ट संपायला तीन आठवडे लागले. कड्याच्या प्रसंगी तो भिक्षूवर फार रागावला आणि आम्ही भिक्षूची बाजू घेतली नाही.

वान लायमिंग ह्यांनी डोंगर वगळला तो चुकला, असेही आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या देशावर परक्यांच्या फौजा बसल्या होत्या, ज्यांनी स्वतःची रेघ परत मिळविण्यासाठी आयुष्य घातले, त्यांना स्वर्गाचा राजवाडा मोडणारे मूल हवेसे वाटले यात नवल नाही. मुलांना ते चित्र अवश्य दाखवावे. प्रत्येक मुलाला एकदा तरी तो राजवाडा मनातल्या मनात मोडता आला पाहिजे. ज्याने धबधब्यात कधी उडीच घेतली नाही त्याला पुढे कोणती यात्रा घडणार? परंतु मग उरलेली गोष्टही सांगावी. ती सांगताना आपण मोठी माणसे मंत्र कधी आणि कशासाठी म्हणतो, ह्याचाही थोडा विचार व्हावा.

गोष्ट संपली त्या रात्री नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने अंधारातच स्वतःच्या कपाळावरून हात फिरविला. “माझ्या डोक्यावर नाही ना हो?” त्याने विचारले. आम्हीही हात लावून पाहिला, आणि नाही म्हणून सांगितले. हे उत्तर खरे राहावे, एवढी काळजी आता आम्हांला घ्यायची आहे.